जागता खण

सकाळच्या ट्रेमध्ये रक्ताची एक नळी जास्त होती. जास्त म्हणजे सातच्या पुढे एक अक्षर जास्त. सात म्हणजे तिचा नवरा. सात-क म्हणजे ती स्वतः. सात-ख म्हणजे सासूबाई. आणि ही सात-ग. झाकणावर लाल ठिपका. तिने नळी उचलली, उजेडात धरली, परत जागेवर ठेवली आणि हातमोजे बदलले. हातमोजे बदलायचं काहीच कारण नव्हतं.

निळा ठिपका म्हणजे एका छताखाली राहणारं माणूस, एकाच बेसिनवर चूळ भरणारं. लाल ठिपका म्हणजे एका अंथरुणातलं. ही पद्धत तिनेच बसवलेली. डुकराचं मूत्रपिंड बसवलेली नऊ माणसं, त्यांच्या आगेमागे वावरणारी माणसं, सगळ्यांचं रक्त ठरल्या वेळी तिच्या टेबलावर यायचं. नावं झाकायची म्हणून आकडे दिले होते. पण नऊच तर माणसं, त्यात कोण कोणाला झाकणार? शिवाय सात-क हे लेबल ती स्वतःच्या दंडातून रक्त काढून झाल्यावर स्वतःच्याच हाताने चिकटवत असे.

"हे काय?" तिने विचारलं.

लंबूने मान वर केली नाही. नळ्या फिरवून रक्तातलं पाणी वेगळं करणं हे त्याचं काम. तो इतका उंच होता, की वरच्या कपाटातलं काही काढायचं झालं की साहेबसुद्धा त्याला हाक मारत. "लेबल बरोबर आहे," तो म्हणाला. "मी दोनदा विचारून घेतलं."

"मी लेबलाचं विचारलंच नाही."

"मग मला काही माहीत नाही बुवा," लंबू म्हणाला आणि सगळं माहीत असलेल्या माणसासारखा कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

नळीत खाली लाल साका होता आणि वर दुधाळ पाणी. हे पाणी पिवळसर, आरपार दिसणारं हवं. दुधाळ होतं ते रक्त देण्याआधी पोटभर तळलेलं खाल्लं की. म्हणजे सात-ग चांगली जेवून आली होती. सुईची भीती नाही, उपाशी राहायची सूचना नाही, की सूचना असून ऐकायची सवय नाही? तिचं स्वतःचं पाणी नेहमी आरपार असायचं. रक्त द्यायच्या दिवशी ती घोटभर पाणी पिऊन निघायची, कोणी सांगितलं नसताना. त्या बाईबद्दल तिला कळलेली ही पहिली गोष्ट, आणि पुढे कधी दुसरी कळली नाही: तिला भूक लागते, आणि ती खाते.

तिने सिस्टरला फोन लावला. नऊही माणसांच्या भेटी, तपासण्या, रुसवेफुगवे सांभाळणारी ही सिस्टर एरवी फोनवर पाल्हाळ लावायची. आज ती मोजकं बोलली. "मॅडम, मला काही सांगता येणार नाही. तुम्हीच केलेला नियम आहे."

"चूक झाली असेल."

"चूक नाही." मग आवाज खाली आणून, "आपणहून आले होते हो. आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. नवीन औषध सुरू व्हायच्या आधी सांगितलेलं बरं, म्हणाले. खाली बघून बोलत होते."

फोन ठेवल्यावर तिला आधी हसू आलं. नवऱ्याने बायकोपासून लपवलं आणि विषाणूला खरं सांगितलं. तिनेच त्याला भीती घातली होती ना. ऑपरेशननंतर घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, उशांना नवे अभ्रे घालता घालता तिने त्याला समजावलं होतं, तुझ्या पोटात जे बसवलंय त्याच्या कणाकणात जुनी दुखणी आहेत. विषाणू बाहेरून येतो, धुतला की जातो, मारला की मरतो. हे तसले नाहीत. हे कधीकाळी कुठल्यातरी डुकराच्या बीजात शिरले आणि तिथेच घर करून बसले. आईकडून पिलाला, त्याच्याकडून त्याच्या पिलाला, रंगासारखे, कानांच्या आकारासारखे वारशाने आले. डुक्कर कितीही स्वच्छ ठेवा, काचेत वाढवा, हे त्याच्यात असणारच. फक्त ते झोपलेले असतात. पेशीनेच त्यांची पानं टाचून ठेवलीत. मिथाइल या रसायनाच्या बारीक टाचण्या, दिसत नाहीत, पण पान उघडू देत नाहीत. आणि न उघडलेलं पान कोणी वाचत नाही. हल्ली ती पानंच कापून काढलेली डुकरं निघाली आहेत, पण सातचं डुक्कर जुन्या कळपातलं. तिथे सगळी भिस्त टाचण्यांवर.

"आणि टाचण्या निघाल्या तर?" त्याने विचारलं होतं. तो लिफ्ट तपासणारा माणूस. इमारतींच्या माथ्यावरच्या खोलीत चढून पोलादी दोर चाचपायचा, आणि खाली येऊन सही करायची की माणसं वरखाली करायला हरकत नाही.

"निघत नाहीत."

"आमचेही दोर तुटत नाहीत. पण तुटत नाहीत असं मी कधी लिहून देत नाही. आज तुटलेला नाही, एवढंच लिहितो."

तिला तेव्हा त्याचा राग आला होता, आणि अभिमानही वाटला होता. मग ती म्हणाली होती, की म्हणूनच नियम आहेत. रक्तदान नाही. मूल नाही. अंथरुणात मध्ये नेहमी रबर. जन्मभर. तो म्हणाला होता, "म्हणजे मी तुरुंगातून सुटलो आणि तू आत गेलीस." विनोद म्हणून म्हणाला होता. डायलिसिसच्या यंत्राच्या खुर्चीतून सुटलेला माणूस कशावरही विनोद करतो. ते पहिले महिने तो घरभर पाणी पीत फिरायचा. ग्लास भरायचा, तिला दाखवायचा, गटागटा प्यायचा. आणि लघवीला जाऊन आला की परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा. सासूबाई म्हणायच्या, "डुकराचं का असेना, पोराचं नळकांडं चालू झालं." आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत, तिला ऐकू जाईल अशा बेताने, "पोराच्या पोटात डुक्कर आणि सुनेच्या तोंडात कुलूप. बोला आता कोणाशी बोलायचं ते."

कुलूप खरं होतं. कधी लागलं ते तिला सांगता आलं नसतं. नियम पाळायचे म्हणजे आधी उठायचं, दिवा लावायचा, कपाटातून पाकीट काढायचं, आणि नंतर आपणच त्याची नोंद ठेवायची. प्रयोगशाळेतून घरी यायचं ते पुन्हा प्रयोगशाळेत. एकदा ऐन वेळी त्याने तोंडाने डुकरासारखा आवाज काढला. तिला हसू यायला हवं होतं. ती उठून बसली आणि म्हणाली, "गंभीरपणे घे ना." त्यानंतर त्याने आवाज काढला नाही. हळूहळू दिवाही लागेनासा झाला. लाल ठिपका मात्र राहिला. दर खेपेला ती स्वतःच्या नळीवर तो चिकटवायची, तोंडदेखला, आणि चिकटवताना लंबूची पाठ आहे ना हे बघून घ्यायची. खरं म्हणजे तिचा ठिपका केव्हाच निळा झाला होता. सासूबाईंच्या रांगेतला.

(प्रश्न: मग कोणाच्याही नळीवर लाल ठिपका दिसल्याने तू हातमोजे का बदलावेस? उत्तर: माहीत नाही. प्रश्न: माहीत नाही हे उत्तर तुझ्या कामात चालतं का? उत्तर: चालतं. त्याला अनिश्चित म्हणतात.)

अनिश्चित. हाच शब्द ती गेले काही दिवस तोंडात घोळवत होती, आणि आज दुपारी औषधाला परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या समितीसमोर तो बोलायचा होता.

कारण असं, की नवऱ्याच्या मज्जेत बिघाड निघाला. मूत्रपिंडाशी त्याचा संबंध नाही, की असेल, कोणाला ठाऊक. हाडांच्या आतलं रक्त घडवायचं काम बिनसलं होतं, आणि असंच राहिलं तर पुढे रक्ताचा कर्करोग. रक्ताचे डॉक्टर उत्साही होते. औषध आहे, म्हणाले. या आजारात चांगल्या जनुकांवर नको तिथे टाचण्या बसलेल्या असतात, त्या हे औषध काढून टाकतं. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, आणि ती खुर्चीत ताठ झाली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, तिला बरं वाटलं.

त्या औषधाची बाटली तिच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या फळीवर होती. दर आठवड्याला ती त्याचा थेंब वापरायची. चाचणीच्या ताटलीत ओळीने खण असतात. त्यातल्या एका खणात डुकराच्या पेशी घालून मुद्दाम हे औषध सोडायचं. टाचण्या गळतात, विषाणू जागे होतात, यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढते. ही रेघ चढली तरच बाकीच्या खणांतल्या सपाट रेघांना अर्थ. नाहीतर चाचणीच मेलेली, आणि माणसं सुखरूप आहेत असं आपण उगाच समजतोय. या खणाला प्रयोगशाळेत सगळे जागता खण म्हणत. जागता खण उठला की लंबू टेबलावर थाप मारायचा. इतकी वर्षं तिने हे औषध एकाच कामाला वापरलं होतं, झोपलेल्यांना उठवायला. आणि आता ते शिरेतून नवऱ्याला द्यायचं होतं, तिथे, जिथे अख्खं मूत्रपिंड झोपलं होतं.

समितीच्या अध्यक्षांना तिने त्याच दिवशी सांगितलं, माझा नवरा आहे, ही चाचणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. अध्यक्षांनी हात जोडले. "बाई, तुमच्याशिवाय येते कोणाला? रेघ तर यंत्र काढणार. तुम्ही फक्त वाचायची."

त्याच डुकराचं दुसरं मूत्रपिंड गोठवून ठेवलं होतं. त्याच्या पेशी तिने वाढवल्या, आणि माणसाला देतात तेवढ्याच मात्रेत त्यांना औषध पाजलं. रेघ चढली. चढणारच होती. पुढचा प्रश्न खरा: जागे झालेले माणसाच्या पेशीत शिरतात का? तिने शेजारी माणसाच्या पेशी ठेवल्या, मध्ये जाळी, पेशी ओलांडणार नाहीत पण विषाणू ओलांडतील अशी. पहिल्या बाटलीत काही नाही. दुसरीत नाही. तिसरीत माणसाच्या पेशी उजळल्या, विषाणू शिरल्यावर उजळतात तशा.

तिने बाटली झाकून ठेवली आणि हात धुतले. भेसळ असेल. या धंद्यात भेसळ फार. पेशी सुट्या करायला जे द्रव्य वापरतात तेच मुळी डुकराच्या स्वादुपिंडातून येतं. एक थेंब इकडचा तिकडे, की डुक्कर नसलेल्या ठिकाणी डुक्कर दिसतं. त्यावर उपाय आहे. डुकराच्या पेशीची स्वतःची खूण शोधायची. ती खूण सापडली तर डुकराची पेशीच चुकून आली, विषाणू शिरलेला नाही. आणि खूण नसेल, तर शिरला. अर्ध्या दिवसाचं काम. नव्याने आलेली पोरंही ते विसरत नाहीत. तिने ते केलं नाही. विसरली नव्हती, बाटलीकडे बघायची आणि दुसरं काम काढायची. अध्यक्षांना ती म्हणाली, अजून अनिश्चित आहे. त्यांनी मान हलवली. तिचा शब्द होता, कोण हलवणार?

वाक्य तयारही होतं. प्रयोगशाळेत अल्प वाढ दिसली, तिचा प्रत्यक्ष धोक्याशी संबंध अनिश्चित आहे, निकट संपर्कांची तपासणी वाढवून औषध देण्यास हरकत नाही. असं म्हटलं, की मूत्रपिंड पोटात ठेवून औषध मिळणार होतं. नाहीतर आधी मूत्रपिंड काढायचं, परत यंत्राची खुर्ची, आणि मग औषध, आणि त्या खुर्चीबद्दल तो बोलून चुकला होता, "परत तिथे नाही. त्यापेक्षा सरळ लिफ्टच्या खड्ड्यात ढकल मला."

तिने हिशेब मांडला होता. विषाणू उठला तर कोणाकडे येईल? अंथरुणाकडे. अंथरुण माझं. मलाच आधी गाठेल, माझ्याच रक्तात मलाच आधी दिसेल, आणि मी तिथल्या तिथे दार लावून घेईन. जगाला काही होणार नाही. आज ट्रेसमोर उभं राहून तिला कळलं, की या हिशेबावर ती खूश होती. किती दिवसांत ती नवऱ्यावर इतकं प्रेम करू शकली नव्हती. कोणाला न सांगता, दिवा न लावता, त्याचं दुखणं आपल्या अंगावर घ्यायचं. केवढं मोठं काम, आणि त्यात त्याला हातही लावायला नको.

आता त्या अंथरुणात दुधाळ पाण्याची एक बाई होती. तिला पोरंबाळं असतील. तिने आणखी कोणाच्या ताटातलं उचलून खाल्लं असेल, आणखी कोणाला रक्त दिलं असेल. दार लावायला दारच राहिलं नव्हतं.

तिने तिसरी बाटली काढली. खूण शोधायला लावली आणि यंत्रासमोर स्टूल ओढून बसली. लंबू जेवून आला, तिच्या शेजारी उभा राहिला. जागता खण उठला; त्याने टेबलावर थाप मारली नाही. डुकराच्या पेशीची खूण शोधणारी रेघ सपाट होती. सपाट राहिली. शेवटपर्यंत सपाट.

"म्हणजे शिरला," लंबू म्हणाला.

"हो."

"मॅडम, आज नका बोलू. पुढच्या बैठकीत बोला. आज बोललात तर लोक म्हणतील..."

"काय म्हणतील?"

"मला काय विचारता. ट्रे सगळ्यांनी बघितलाय."

(वाक्य, पहिल्यांदा: औषधाने जागे झालेले विषाणू मानवी पेशीत शिरतात. मूत्रपिंड शरीरात असताना औषध देऊ नये. वाक्य, बायको म्हणून वाचलं तर: जा परत खुर्चीत. वाक्य, सात-गने वाचलं तर: चेटकीण. वाक्य, न बोललं तर: वाक्यच, दुधाळ पाण्यात मिसळून शहरभर जाईल. वाक्य, पुन्हा पहिल्यापासून. शब्द तेच. एकही शब्द इकडचा तिकडे होत नाही आणि तरी दर वेळी ते दुसऱ्याच बाईच्या तोंडून येतं.)

बैठकीची खोली लहान आणि खुर्च्या मोठ्या. ती उभी राहून बोलली. बोलताना आपला आवाज तिला थंड लागला, आणि त्याहून वाईट म्हणजे छान लागला, घसा मोकळा झाल्यासारखा. आजवर खरं सांगताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली. ती पुढे बोलत राहिली.

"काल-परवापर्यंत तुम्ही अनिश्चित म्हणत होतात," रक्ताचे डॉक्टर म्हणाले. उत्साह उतरला होता.

"म्हणत होते."

"मग मध्ये काय घडलं?"

अध्यक्ष कागदात डोकं घालून बसले. सिस्टर खिडकीबाहेर बघू लागली. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि ते चुकीचं होतं, आणि बरोबरही होतं.

"मी करायची होती ती चाचणी आज केली," ती म्हणाली.

"आजच?"

"आजच."

डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं. "पेशंट खचेल. तुम्हाला कल्पना आहे ना, मी कोणाबद्दल बोलतोय?"

"सातबद्दल," ती म्हणाली.

मूत्रपिंड निघालं. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. भांडी मात्र आपटायच्या थांबल्या, आणि ती शांतता तिला जास्त लागली. घरात कोणी सात-गचा विषय काढला नाही. ती बाई पुन्हा रक्त द्यायला आली नाही. धोकाच राहिला नाही तर कशाला येईल? नवरा परत खुर्चीत बसला, दंडात दोन जाड सुया, आणि दुसऱ्या हाताला रक्ताच्या डॉक्टरांचं औषध. औषध लागू पडेल की नाही हे कळायला वेळ होता. पहिले काही दिवस तो डोळे मिटून पडायचा. ती बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. घरी नेणारं माणूस लागतं म्हणून, असं ती स्वतःला सांगायची.

खोलीत ओळीने माणसं झोपली होती आणि ओळीने यंत्रं घुं-घुं करत होती. तो डोळे न उघडता म्हणाला, "लंबू आला होता."

"कशाला?"

"तुझी बाजू मांडायला. म्हणाला, मॅडमनी सूड घेतलेला नाही, रेघ सपाट होती, मी डोळ्यांनी बघितली." त्याने डोळे उघडले. "मी म्हटलं, मला माहीत आहे. ती खोटं बोलत नाही. सुडासाठीसुद्धा नाही."

तिने त्याच्या पायांवरची चादर सरळ केली.

"एवढंच विचारतो. तिसऱ्या बाटलीत तुला आधीच दिसलं होतं म्हणे."

"हो."

"मग गप्प का बसलीस? मी परका पेशंट असतो, दुसरा कुठलातरी आकडा असतो, तर?"

"तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

तिला वाटलं, आता याला कळेल. ती केवढ्याला तयार झाली होती ते कळेल, आणि मग तो काहीतरी म्हणेल, निदान शिवी देईल.

"म्हणजे माझ्यासाठी," तो सावकाश म्हणाला, "सगळ्यांच्या जिवाशी खेळणार होतीस. आणि घरात माझ्याशी चार शब्द बोलणार नव्हतीस."

"हो," ती म्हणाली. "तसंच."

त्याचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता. मग घशातून एक घरघर आली, चढली, आणि तो तोंड उघडून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी, सुयांचा दंड थरथरतोय, यंत्र टीं-टीं करू लागलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मान उचलून पाहिलं आणि त्यालाही काही न कळता हसू फुटलं. टोकाच्या टेबलावरून नर्स धावत आली.

"हात हलवू नका हो, सुई निघेल!" तिने यंत्र गप्प केलं, नळी चाचपली, आणि त्रासून बायकोकडे वळली. "आणि ताई, तुम्ही त्यांना हसवू नका. बाहेर बसा बघू जरा."

ती बाहेर जाऊन बसली.